कला शाखेच्या पदवीचे आर्थिक मूल्य : एक विवेचन

प्रस्तावना :
‘बी.ए. करून काय मिळणार?’ असा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, तेव्हा आपण प्राध्यापक ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘विवेक’, ‘संस्कार’ अशी उत्तरे देतो. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु विचारणाऱ्याचा प्रश्न पैशांचा असतो. शेतमजुरीवर चालणाऱ्या घराला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पदवीचा आर्थिक हिशेब कसा मांडावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, ही मांडणी थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये व गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये केली. तीनुसार पदवीचा खरा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. शिकत असताना जी कमाई सोडून द्यावी लागते, ती त्यातील सर्वांत मोठी रक्कम असते. आपल्याकडे शुल्कसवलतीची चर्चा पुष्कळ होते. या बुडालेल्या मजुरीची मात्र होत नाही. कापूस वेचणीच्या हंगामात ग्रामीण महाविद्यालयांतील वर्ग ओस का पडतात, याचे उत्तर येथेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने नेमक्या याच खर्चाला हात घातला होता, आणि तोही बेकर यांचा ग्रंथ येण्यापूर्वी!

प्रत्यक्ष हिशेब :
उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. बारावी झालेल्या मुलाला दुकानात अथवा कारखान्यात दरमहा १०,००० रुपये मिळू शकतात. म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये बुडतात. शुल्क, पुस्तके व एस.टी.चा पास मिळून २०,००० रुपये धरले तर वार्षिक खर्च १,४०,००० रुपये होतो. व्याजदर ८ टक्के धरल्यास तीन वर्षांअखेर ही गुंतवणूक सुमारे ४,५४,५०० रुपयांची होते. वयाच्या २१ ते ५६ या ३५ वर्षांत ती भरून निघण्यासाठी पदवीधराला बारावी उत्तीर्णापेक्षा दरमहा सुमारे ३,२५० रुपये अधिक मिळाले पाहिजेत. दर ५ टक्के धरला तर सुमारे २,२५० रुपये पुरतात. ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

परंतु आपला विद्यार्थी पदवीनंतर लगेच नोकरीला लागत नाही. तो पुण्यात अथवा छत्रपती संभाजीनगरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. अशी दोन वर्षे गेली आणि खोली, खानावळ व शिकवणी यांवर वर्षाला ८०,००० रुपये खर्च झाले, असे मानू. ८ टक्के दरानेच एकूण गुंतवणूक सुमारे ९,४६,००० रुपयांवर जाते व उरलेल्या ३३ वर्षांत ती भरून काढण्यास दरमहा सुमारे ६,८५० रुपयांची अधिक मिळकत लागते. अपेक्षित परताव्याची पातळी दुपटीहून अधिक वाढली. अर्थात, पदवीच्या तीन वर्षांइतकाच बोजा पदवीनंतरच्या दोन वर्षांचा आहे, आणि दोष मात्र पदवीच्या माथी येतो.

प्रतीक्षेचा हा मुद्दा नवा नाही. मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड व मॉरीन वुडहॉल यांनी १९६९ मध्ये भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर ग्रंथच लिहिला. बेकारी असूनही व्यक्तीच्या दृष्टीने पदवी फायदेशीर ठरू शकते, म्हणून पदवीधरांची संख्या वाढतच राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पदवी : ज्ञान की प्रवेशपत्र?
मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू दाखवली. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही. म्हणून तो पदवीला कुवतीची खूण मानतो. आपल्याकडे ही खूण नियमांतच लिहिलेली आहे. राज्यसेवेतील बहुतेक पदांसाठी, संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) या पदासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. येथे बी.ए. व बी.एस्सी. यांचे मोल सारखेच, आणि बी.ए. सहसा स्वस्त. मात्र पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरेशी असते. केवळ त्या भरतीची तयारी करीत वर्गात नाव लावून ठेवणाऱ्या मुलाला हे प्रवेशाच्या वेळीच सांगितले पाहिजे. आपण सांगत नाही, कारण विद्यार्थिसंख्येवर आपला कार्यभार अवलंबून असतो. हे कटू आहे, पण खरे आहे.

मुलींच्या बाबतीत वरील हिशेब अपुरा पडतो. घरकाम व शेतातील बिनमोल श्रम यांना वेतन नसल्याने त्यांचा बुडालेला खर्च कागदावर शून्य दिसतो. प्रत्यक्षात तो आई अथवा धाकटी बहीण भरत असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या चौथ्या वर्षाचाही विचार याच पद्धतीने करावा लागेल. वरील गृहीतांनुसार ते एक वर्ष आणखी १,४०,००० रुपयांचे आहे. संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला ते उपयोगी पडेल. इतरांना ते घेण्याचा सल्ला देण्यापूर्वी विभागाने आपल्या मागील पाच तुकड्यांतील विद्यार्थी आज काय कमावतात, याची नोंद तरी करावी. माजी विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक आपल्याकडे असतात. मेळाव्याच्या निमंत्रणापलीकडे त्यांचा हा उपयोग सहज होऊ शकेल.