दोन वर्षांच्या अटीविषयी काही समजुती

भुसावळ हे जंक्शनचे गाव असल्यामुळे येथे बातमी गाडीबरोबर येते आणि वाटेत थोडी फुगून पुढे जाते. त्यामुळे 'जे-१' या शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर अमेरिकेस गेलेल्या मनुष्यास दोन वर्षे मायदेशी काढल्यावाचून त्या देशात पुन्हा पाऊल टाकता येत नाही, ही समजूत रेल्वे वसाहतीपासून रावेर-यावलच्या केळीबागाइतदारांपर्यंत पसरली असल्यास नवल नाही. तिच्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती अधिक घोटाळ्याची.

पहिली गोष्ट ही की, ही अट हिंदुस्थान सरकारची नव्हे. ती अमेरिकेच्या कायद्यातील कलम २१२(ई) ची आहे, आणि ती प्रत्येक जे-१ धारकास लागतही नाही. ज्याचा खर्च अमेरिकेच्या किंवा आपल्या सरकारने उचलला, ज्याचे कौशल्य त्याच्या देशास हवे असल्याची नोंद अमेरिकेने केलेल्या यादीत आहे, किंवा जो डॉक्टर पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी गेला, अशा तिघांपुरतीच ती आहे. यांपैकी यादीची बाब आता आपल्यापुरती निकालात निघाली: ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित यादीतून भारताचे नाव वगळले गेले, आणि ते पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे केवळ यादीमुळे अडकलेले जुने संशोधकही मोकळे झाले. फुलब्राइट शिष्यवृत्तीवाल्यांस मात्र हा दिलासा नाही, कारण तेथे पैसा सरकारी आहे. व्हिसावर अट लागू असल्याचा जो बारीक अक्षरांतला शेरा असतो, तोही अखेरचा निवाडा नव्हे. शंका असल्यास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून अभिप्राय मागविता येतो.

अट लागली म्हणजे दार कायमचे बंद झाले, असेही नाही. बंद होतात ती ठराविक दारे: नोकरीचे एच आणि एल व्हिसा, वाग्दत्त वधूवरांचा के व्हिसा, ग्रीन कार्ड आणि, थोडे अपवाद वगळता, तेथेच बसून दर्जा बदलून घेण्याची सोय. भाचीच्या लग्नास पर्यटक म्हणून जाणे किंवा येथून नव्याने विद्यार्थी व्हिसा काढणे यांस ही अट आड येत नाही. रेल्वेच्या नोकरीत सेवाखंड पडला की मागली सेवा बुडते, ही धास्ती ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, त्यांना ही दोन वर्षेही सलगच काढावी लागतील असे वाटते. वस्तुतः ती एकूण मोजतात, तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात. परंतु तो मुक्काम आपल्या देशातलाच हवा, दुबईत काढलेली दोन वर्षे जमेस धरली जात नाहीत. पत्नी किंवा पती जे-२ या आश्रितांच्या व्हिसावर सोबत असेल, तर तीच अट त्यांच्याही माथी येते. अमेरिकन नागरिकाशी विवाह झाला अथवा तेथे मूल जन्मले, एवढ्यानेही ती सुटत नाही. त्या जोडीदारास वा मुलास असाधारण हालअपेष्टा सोसाव्या लागतील, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते.

खरी गुंतागुंत डॉक्टरांची. इतरांस भारत सरकारचे 'ना हरकत' पत्र, ज्याच्या येथील दाखल्यास व्यवहारात 'नोरी' (नो ऑब्लिगेशन टु रिटर्न टु इंडिया) म्हणतात, वॉशिंग्टनच्या वकिलातीमार्फत पाठवून माफी मागता येते. पण रेसिडेन्सीसाठी गेलेल्या डॉक्टरास कायद्यानेच हा मार्ग बंद आहे, आणि तरीही धुळे-जळगावच्या कित्येक पालकांची 'मुंबईत ओळख आहे, दाखला काढू' ही धावपळ चालूच राहते. ती व्यर्थ होय. जाण्यापूर्वीच दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाने या विद्येची देशास गरज असल्याचे पत्र दिलेले असते आणि डॉक्टरानेही परतण्याची लेखी कबुली दिलेली असते. अट त्या कागदांच्या जोडीने उभी असते. त्यांच्यासाठी रुळलेली वाट म्हणजे सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाची, १९९४ पासूनची योजना: डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ सेवा केल्यास अट माफ होते, आणि प्रत्येक राज्यास दरवर्षी अशा ३० जागा मिळतात. मोठी शहरे असलेल्या राज्यांत त्या लवकर भरतात, म्हणून रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच राज्याच्या आरोग्य खात्याकडे चौकशी करणे शहाणपणाचे.