आरोपी अंतराळात होता

‘खून झाला तेव्हा मी तिथे नव्हतोच,’ असं सांगणारे संशयित गुन्हेमालिकांत पैशाला पासरी. कुणी सिनेमाचं तिकीट दाखवतो, कुणी हॉटेलचं बिल. २००६ साली ‘मंक’ या अमेरिकी मालिकेत मात्र असा एक संशयित आला, की त्याच्यापुढे बाकीचे सगळे फिके पडावेत. एका बाईचा जीव गेला तेव्हा स्टीव्ह वॅग्नर हा अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरत होता. त्याच्या जागेबद्दल अख्ख्या नासाची साक्ष. खुनी तोच, याची मालिकेचा नायक, गुप्तहेर एड्रियन मंकला खात्री असते. प्रश्न उरतो तो ‘कसा’ एवढाच.

टीव्हीवरच्या गुन्हेकथांनी अंतराळवीराचा जो साचा घडवला, तो इथे नीट दिसतो: बाहेरून निष्कलंक, लोकांचा लाडका, आतून कुजका. हा साचा आकाशातून पडलेला नाही. १९५९ मध्ये नासाने आपले पहिले सात अंतराळवीर जाहीर केले आणि ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यांच्या घरगुती कहाण्यांचे हक्क पाच लाख डॉलरना विकत घेतले. आदर्श नवरा, आदर्श बाप, देवभीरू देशभक्त ही प्रतिमा अशी करार करून छापली गेली. टॉम वुल्फ यांनी १९७९ च्या ‘द राइट स्टफ’ या पुस्तकात त्या चकचकीत पानांमागची चढाओढ, बायकांची घालमेल आणि वैमानिकांचा अहंकार मांडला. गुन्हेमालिकेला असा पुतळा आयताच मिळाला. जितका उंच, तितका पाडायला सोपा.

बातमीतून पटकथेत

फेब्रुवारी २००७ मध्ये वास्तवाने पटकथालेखकांचं काम आणखी सोपं केलं. आदल्याच वर्षी ‘डिस्कव्हरी’ यानातून अंतराळात जाऊन आलेल्या लिसा नोवाक ह्यूस्टनहून सुमारे चौदाशे किलोमीटर गाडी चालवत ऑर्लँडोच्या विमानतळावर पोहोचल्या. तिथे त्यांनी एका अंतराळवीर सहकाऱ्याच्या मैत्रिणीवर मिरपुडीचा फवारा मारला आणि त्यांना अटक झाली. वाटेत थांबावं लागू नये म्हणून त्यांनी डायपर वापरल्याचा तपशील जगभर चघळला गेला. त्यांच्या वकिलांनी तो नाकारला, पण तोवर विनोद लिहून झाले होते. काही महिन्यांतच ‘लॉ अँड ऑर्डर: क्रिमिनल इंटेंट’चा ‘रॉकेट मॅन’ हा भाग आला. त्यात अंतराळवीरांचा प्रेमत्रिकोण होता आणि अर्थातच खूनही. खऱ्या प्रकरणात कुणाचा जीव गेला नव्हता. २००९ मध्ये नोवाक यांनी सौम्य गुन्ह्यांची कबुली दिली आणि त्यांना वर्षभराच्या देखरेखीची शिक्षा झाली. पण तेवढ्यावर तासाभराचा भाग उभा राहत नाही. प्रेताशिवाय या मालिकांचं पान हलत नाही.

दुसरं आकर्षण बंद खोलीचं. आत मोजकी माणसं, दार बाहेरून उघडत नाही, म्हणजे खुनी आतलाच. ‘कॅसल’ या मालिकेच्या २०१५ मधल्या एका भागात मंगळमोहिमेच्या सरावासाठी उभारलेल्या बंदिस्त तळावर खून होतो. असे सराव खरोखर होतात. २०१०-११ मध्ये मॉस्कोत सहाजण ५२० दिवस अशा तळावर राहिले आणि सहीसलामत बाहेर आले. ब्रिटिश मालिका ‘एंडेव्हर’ने २०१९ मध्ये वेगळी वाट धरली. तिच्या ‘अपोलो’ या भागात जुलै १९६९ चं ऑक्सफर्ड आहे, चांद्रविजयाची हवा आहे आणि कठपुतळ्यांची अंतराळ-मालिका बनवणारा स्टुडिओ आहे. इथे चंद्र तपासाचा विषय नाही, त्या काळाच्या भोळ्या उत्साहाची खूण आहे.

खरंच अंतराळात गुन्हा घडला तर? कायद्याचं उत्तर मालिकांपेक्षा साधं आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या १९९८ च्या करारानुसार भागीदार देश आपापल्या नागरिकावर खटला चालवू शकतात. या तरतुदीची चर्चा २०१९ मध्ये रंगली. अंतराळवीर ॲन मॅक्लेन यांनी स्थानकावरून विभक्त जोडीदाराचं बँक खातं उघडून पाहिल्याचा आरोप झाला आणि ‘अंतराळातला पहिला गुन्हा’ असे मथळे झळकले. पुढच्या वर्षी आरोप करणाऱ्यावरच तपास यंत्रणेला खोटी माहिती दिल्याचा ठपका ठेवला गेला.

तिकिटं आणि दगड

अंतराळ इतिहासातले प्रत्यक्ष गैरप्रकार बहुधा लोभाचे आणि किरकोळ. ‘अपोलो १५’च्या तिघांनी १९७१ मध्ये जवळजवळ चारशे टपाल-पाकिटं परवानगीशिवाय चंद्रावर नेऊन आणली. त्यातली शंभर एका जर्मन तिकीट-व्यापाऱ्याकडे गेली. प्रकरण फुटल्यावर तिघांवर कारवाई झाली आणि त्यांतला कुणीही पुन्हा अंतराळात गेला नाही. १९९८ मध्ये मायामीत होंडुरासला भेट मिळालेला चांद्रखडा पन्नास लाख डॉलरना विकण्याचा प्रयत्न झाला. खडा जेमतेम एक ग्रॅमचा, ल्युसाइट या पारदर्शक प्लास्टिकच्या गोळ्यात बसवलेला. गिऱ्हाईक बनून आलेला माणूस सरकारचाच निघाला आणि पुढचा खटला ‘अमेरिका विरुद्ध ल्युसाइटचा एक गोळा’ अशा अर्थाच्या नावाने चालला. २००२ मध्ये तर नासाच्या प्रशिक्षणार्थींनी ह्यूस्टनच्या केंद्रातून चांद्रदगडांची पावणेतीनशे किलोंची तिजोरीच उचलून नेली. एका बेल्जियन दगड-संग्राहकाला संशय आला, त्याने एफबीआयला कळवलं आणि चोर पकडले गेले.

खुनी नसलेला तपास

माणसं मेली ती मात्र वेगळ्याच कारणाने. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातजण गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या थिओकोल कंपनीच्या अभियंत्यांनी बजावलं होतं, की एवढ्या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या ताठरतील, उड्डाण नको. व्यवस्थापकांनी त्यांना बाजूला सारलं.

चौकशीत जे झालं ते कुठल्याही गुप्तहेरकथेत शोभावं. चौकशी आयोगाच्या सदस्य आणि अंतराळवीर सॅली राइड यांनी कड्यांची लवचीकता आणि तापमान यांचे आकडे असलेला कागद जनरल डोनाल्ड कुटीना यांच्या हाती गुपचूप दिला. खबर देणारा उघडा पडू नये म्हणून कुटीनांनी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्याकडे आपल्या जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरचा विषय काढला: थंडीत याचं सील गळतं, मग त्या कड्यांचं काय होत असेल? फाइनमन यांनी भर सुनावणीत बर्फाच्या पाण्यात कडीचा तुकडा बुडवून दाखवला. राइड यांचं नाव कुटीनांनी त्यांच्या निधनानंतरच उघड केलं. बीबीसीने २०१३ मध्ये विल्यम हर्ट यांना फाइनमनच्या भूमिकेत घेऊन ‘द चॅलेंजर’ केला, तो तपासकथेच्याच घाटात: खबर, पुरावा, दडपादडपी, उलगडा. फक्त शेवटी हातकड्या नाहीत. फाइनमन यांना सापडली ती तफावत: यान निकामी होण्याची शक्यता व्यवस्थापक लाखात एक सांगत होते, अभियंते शंभरात एक.

गुन्हेमालिकेत खुनी सापडला की फाइल बंद होते. इथे १७ वर्षांनी ती पुन्हा उघडावी लागली. २००३ च्या जानेवारीत ‘कोलंबिया’ यानाच्या डाव्या पंखावर उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोम आदळला. असा फोम आधीही निघत आला होता, काही बिघडलं नव्हतं, म्हणून सवय झाली होती. पंखाची छायाचित्रं मिळवा, ही अभियंत्यांची विनंती वरच्यांनी पुढे जाऊ दिली नाही. १ फेब्रुवारीला कल्पना चावला यांच्यासह सातजण परतीच्या वाटेवर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने लिहिलं, की या अपघाताला फोमइतकीच नासाची कार्यसंस्कृती कारणीभूत आहे.

कक्षेत बसून खून करणारा देखणा अंतराळवीर पडद्यावर यापुढेही येत राहील आणि तो पाहायला मजाही येईल. पण तपासकथा लिहिणाऱ्याने एकदा तरी या दोन चौकशी-अहवालांची बाडं चाळावीत. सगळे धागेदोरे त्यांत आहेत: इशारा देणारे, तो दाबणारे, खबर पोहोचवणारे. पात्रांचीही कमी नाही. अडचण एकच आहे. शेवटच्या दृश्यात बोट दाखवायचं झालं, तर ते बैठकीत बसलेल्या सगळ्यांकडे वळवावं लागेल.