स्तनाचा कर्करोग आणि संवादी साधने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संवादी तंत्रज्ञानातून रुग्णशिक्षण म्हणजे संगणकावर दाखवलेला माहितीपट, अशी समजूत पुष्कळदा असते. माहितीपट सगळ्यांना एकच गोष्ट एकाच क्रमाने सांगतो. संवादी साधन रुग्णाला आधी विचारते: शस्त्रक्रिया झाली आहे की व्हायची आहे, आज कशाविषयी जाणून घ्यायचे आहे? पुढचा मजकूर त्या उत्तरावर ठरतो.

याचे जुने आणि नीट अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे ‘चेस’. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड गुस्टाफसन यांच्या गटाने ती प्रणाली विकसित केली. इंटरनेट घरोघरी पोहोचण्याआधी अभ्यासातील स्त्रियांना घरी वापरायला संगणकच दिले जात. नेहमीच्या शंकांची उत्तरे, तज्ज्ञाला प्रश्न पाठवण्याची सोय, उपचार घेतलेल्या बायकांचे अनुभव आणि एकमेकींशी बोलायची जागा, हे सगळे एकाच ठिकाणी होते. केमोथेरपीच्या दिवसांत झोप न लागणाऱ्या रात्री दवाखाना बंद असतो. तेव्हा या सोयीचे मोल कळते.

अशी साधने शिकलेल्या, सुखवस्तू बायकांच्याच कामाची, हा दुसरा गैरसमज. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चेस’च्या चाचणीत नुकतेच निदान झालेल्या, साठीच्या आतल्या २४६ स्त्रिया होत्या. कमी शिकलेल्या, विमा नसलेल्या आणि गौरेतर स्त्रियांना इतरांपेक्षा अधिक लाभ झाला. ज्यांच्या प्रश्नांना एरवी उत्तर देणारे कुणी नसते, त्यांना उत्तर मिळाल्याचा फरक मोठा पडणारच.

माहिती हाती आली की रुग्ण डॉक्टरांवर अविश्वास दाखवू लागतात, असेही म्हटले जाते. त्याच चाचणीत दोन महिन्यांनी उलटे दिसले: ‘चेस’ वापरणाऱ्या स्त्रियांचा डॉक्टरांवरील विश्वास अधिक होता आणि उपचारांच्या निर्णयात भाग घेताना त्यांना कमी अवघडल्यासारखे वाटत होते.

निर्णयाचा प्रश्न या आजारात खरोखर अवघड आहे. स्तन पूर्ण काढला तरच जीव वाचतो, ही भीती खोलवर रुजलेली असते. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत १,८५१ स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला. फक्त गाठ काढणे आणि पूर्ण स्तन काढणे यांत जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र गाठ काढून रेडिएशन दिले, तर त्याच स्तनात कर्करोग परतण्याचे प्रमाण १४.३ टक्के होते; न दिल्यास ३९.२ टक्के. म्हणजे आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर निवड बहुधा जगणे-मरणे यांतली नसते. स्तन राखायचा, तर रेडिएशनसाठी रोजच्या फेऱ्या जमतील का, स्तन गमावणे कितपत सोसवेल, पुन्हा गाठ उद्भवण्याची धास्ती किती, यांतली असते. चांगले निर्णय-साधन नेमके हे प्रश्न विचारते आणि उत्तरे घेऊन रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवते. निर्णय ते स्वतः घेत नाही.

‘इंटरनेट आहेच की, वेगळी प्रणाली कशाला?’ हा आजचा प्रश्न. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसते इंटरनेट आणि चांगल्या संकेतस्थळांचे दुवे मिळालेल्या स्त्रियांची स्थिती काहीच न मिळालेल्यांपेक्षा बरी नव्हती. ‘चेस’ मिळालेल्यांना मात्र सामाजिक आधार अधिक जाणवला. विखुरलेली माहिती गोळा करून तिचा अर्थ लावणे हे आजारी माणसाचे काम नव्हे.

जोखीम मोजणाऱ्या ऑनलाइन गणकांविषयी वेगळी सावधगिरी हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा गणक संख्याशास्त्रज्ञ गेल यांच्या १९८९च्या प्रारूपावर आधारलेला आहे. वय, पाळी सुरू झालेले वय, आई-बहीण-मुलीतील आजार अशा उत्तरांवरून तो पुढील पाच वर्षांत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सांगतो. ही सरासरी समान वैशिष्ट्ये असलेल्या स्त्रियांच्या समूहाची असते. एकीचे भाकीत नव्हे. हा आजार आधी झालेल्या किंवा बीआरसीए जनुकात धोका वाढवणारा दोष असलेल्या स्त्रीसाठी हा गणक नाही. शिवाय तो अमेरिकेतील आकडेवारीवर उभा आहे, त्यामुळे साताऱ्यातील किंवा पणजीतील स्त्रीने त्यातला आकडा थेट स्वतःला लावणे योग्य नाही. आणि गाठ हाताला लागलेली असेल, तर गणक उघडण्याऐवजी तपासणीला जायला हवे.