गर्भकालीन मधुमेह : प्रसूत्युत्तर काळजी

गर्भारपणात प्रथमच आढळणारा मधुमेह. वारेतील हॉर्मोने इन्शुलिनाच्या कार्यास विरोध करतात, हे त्याचे प्रमुख कारण होय. वार पडल्यावर रक्तातील ग्लुकोज बहुधा पूर्ववत होते व पुढील तपासणीची उपेक्षा होते. परंतु अशा स्त्रियांना कालांतराने कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांच्या ७ ते १० पट असतो. म्हणून प्रसूतीनंतर सुमारे ६ आठवड्यांनी ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्त तपासतात. १०० मिलि. रक्तद्रवात ग्लुकोज २०० मिग्रॅ. वा अधिक असल्यास मधुमेह, तर १४० ते १९९ मिग्रॅ. असल्यास मधुमेहपूर्व अवस्था समजतात. प्रमाण प्राकृत असले, तरी दर १ ते ३ वर्षांनी व पुन्हा गर्भधारणा होण्यापूर्वी तपासणी आवश्यक असते. स्तनपान, मिताहार, वजनावर नियंत्रण आणि आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चालणे यांमुळे धोका कमी होतो.