पात झिजलेली हवी

सकाळी साडेसहा
आज रविवार. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गाठोडी सुटत असतानाच पोचायचं, उशीर झाला की बघे वाढतात आणि त्यांच्याबरोबर भावही. खिशात टॉर्च, भिंग, लोहचुंबक आणि चपटा वजनकाटा.

सात
ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, चार्जर, कुकरची झाकणं आणि मधोमध घोड्याच्या तोंडाचा पितळी अडकित्ता. "शंभर वर्षांचा आहे काका, सरदारांच्या वाड्यातला." या बाजारात येणारी प्रत्येक वस्तू वाड्यातलीच असते, चाळीतून कधी काही आल्याचं ऐकलं नाही. गोष्ट ऐकून घ्यायची आणि पात बघायची. रोज सुपारी कातरलेल्या अडकित्त्याची पोलादी पात खिळ्याजवळ, जिथे सुपारी धरतात तिथेच खोलगट झालेली असते. दांडे तळव्याच्या बाजूने गुळगुळीत होतात, खोबणीतली नक्षी मात्र शाबूत राहते. या घोड्याची आयाळ, कान, दांडे सगळं सारखंच काळं आणि पात सरळसोट. ॲसिड लावून म्हातारा केलेला. खाली ठेवला.

शेजारी एक लोखंडी, बिननक्षीचा पडला होता. खिळा किंचित ढिला, पात हवी तशी झिजलेली. त्याने दीडशे सांगितले, मी शंभर म्हटलं. "भवानीची वेळ आहे काका, घासाघीस नको." दीडशे दिले. साध्या वस्तूची नक्कल करायला कुणी बसत नाही, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

आठ
राणीछाप रुपयांचा ढीग. खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजून थोडा कमी भरेल, पण दोन ग्रॅमने नाही. काटा काढला की विकणाऱ्याचा चेहरा बघावा. वजनाआधी मजकूरही वाचायचा. १८७७ पासून नाण्यावर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. इथे १८८५ साल आणि वर 'क्वीन'!

अकरा
दुकान उघडलं. आयटीतला एक मुलगा संग्रह सुरू करायचा म्हणतो, "काका, गुंतवणूक म्हणून काय घेऊ?" गुंतवणूक करायची तर बँकेत जा, असं तोंडावर आलं होतं. म्हटलं, आधी केळकर संग्रहालयात दोनदा जाऊन ये. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं अशा घरातल्याच वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि संग्रह सरकारला दिला. तिथे एकाच जातीच्या खूप वस्तू ओळीने बघितल्या की डोळा तयार होतो. मग एकच जात धर. दिवे तर दिवे. सगळं थोडं थोडं जमवणाऱ्याचं घर भरतं, संग्रह होत नाही.

दुपारी दीड
सदाशिव पेठेतल्या आजी रविवर्म्याची लक्ष्मी घेऊन आल्या. वाडा पाडायला काढलाय. भिंगाखाली धरली. आजच्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके जाळीसारखे, एका शिस्तीत बसतात. दगडावरून छापलेल्या चित्रात ते वाळूच्या कणांसारखे वेडेवाकडे पसरतात. इथे वाळू दिसली. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्याच छापखान्याचं असावं, पण तेवढ्यावर तशी चिठ्ठी मी देत नाही. साडीवर कुणीतरी हौसेने टिकल्या आणि जर चिकटवलीय, दोन ठिकाणी कागद कसरीने खाल्लाय. आजी म्हणाल्या, "टिकल्या काढून देऊ का?" म्हटलं, अजिबात नको. त्यानेच हे चित्र बाकीच्या लक्ष्म्यांहून वेगळं झालंय.

चार
न्यू जर्सीहून जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. देवघरासाठी जुनी पंचधातूची मूर्ती हवी, कुरिअरने. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे, आणि इथे ठेवायची तरी नोंदणी लागते. "सगळे पाठवतात हो," म्हणाले. मी नाही पाठवत. नवी ओतीव मूर्ती घ्या, पूजेला ती चांगलीच.

सात
चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन विकायला आला. जुन्या पेटीतली मोटर, नवी पेटी, नवा कर्णा. परत पाठवला.

मागच्या महिन्यात समई नेलेल्या बाईंचा मेसेज, सोबत फोटो: चिंचेने घासली, बघा कशी सोन्यासारखी झाली! तेलाने आणि हातांनी चढलेला सगळा तपकिरी रंग गेला. आता विकायला निघाल्या तर निम्मेच येतील. त्यांना लिहिलं, छान दिसतेय, यापुढे फक्त कोरड्या सुती कापडाने पुसा.