मोटार एक, कायदे अनेक

अमेरिकेच्या राजधानीजवळून पोटोमॅक नदी वाहते. तिच्या एका तीरावर मेरीलँड, दुसऱ्या तीरावर व्हर्जिनिया. पोलिसांचें वेगमापक यंत्र जवळ आल्याची सूचना देणारें एक लहानसें उपकरण कांहीं लोक मोटारींत बसवितात. मेरीलँडमध्यें खासगी मोटारींत तें वापरण्यास हरकत नाहीं. पूल ओलांडून व्हर्जिनियांत शिरतांच मात्र त्याबद्दल दंड होऊं शकतो. गाडी तीच, चालक तोच. मग कायदा निराळा कां, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज येईल.

याचें उत्तर त्या देशाच्या राज्यघटनेंत आहे. मध्यवर्ती सरकारकडे न सोंपविलेले अधिकार घटक राज्यांचे किंवा जनतेचे, असें तिची दहावी दुरुस्ती सांगते. १९६६ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळानें मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला. तेव्हांपासून नव्या गाडींत दिवे, ब्रेक व पट्टे कसे असावेत हें वॉशिंग्टन ठरवितें. गाडी रस्त्यावर कशी वापरावी हें बव्हंशीं राज्य ठरवितें. काळ्या कांचांचेंच पाहा. चालकाच्या बाजूच्या कांचेंतून कॅलिफोर्नियांत निदान ७० टक्के, फ्लॉरिडांत २८ टक्के, तर टेक्सासमध्यें २५ टक्के प्रकाश आंत यावा लागतो. आपल्याकडे हा विषय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असल्यामुळें मुंबईस एक आणि बंगळुरास दुसरा नियम, असें होत नाहीं.

कांचेचा प्रश्न दंडावर भागतो. पट्टा आणि शिरस्त्राण यांचा प्रश्न जिवाचा आहे. १९६८ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारींत सीटबेल्ट असणें आवश्यक झालें. परंतु तो बांधण्याची सक्ती प्रथम न्यू यॉर्क राज्यानें केली, ती १९८४ सालीं! न्यू हँपशरमध्यें प्रौढांवर अशी सक्ती आजही नाहीं.

मोटारसायकलस्वारांच्या शिरस्त्राणाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. १९६६ मध्यें मध्यवर्ती सरकारनें रस्त्यांच्या अनुदानाशीं या सक्तीची सांगड घातली. १९७५ पर्यंत ४७ राज्यांनीं तसे कायदे केले. १९७६ मध्यें ती अट उठतांच अनेक राज्यांनीं आपले कायदे सैल केले. आज सर्व स्वारांवर सक्ती करणारीं राज्यें अवघीं १७ आहेत. इलिनॉय, आयोवा व न्यू हँपशर येथें कोणावरच सक्ती नाहीं. फ्लॉरिडानें २००० सालीं, दहा हजार डॉलरांचा वैद्यकीय विमा असलेल्या २१ वर्षांवरील स्वारांना मोकळीक दिली. त्यानंतर तेथें मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढल्याचें पाहणींत आढळून आलें.

नागरिकानें स्वतःच्या जिवाची काळजी घ्यावी यासाठीं राज्यानें सक्ती करावी काय, हा वाद तेथें मिटलेला नाहीं. आपल्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें व नातवंडें त्या देशांत राहतात. राज्य बदलून प्रवास करतांना तेथील नियम आधीं पाहावा, हें तर खरेंच. पण पट्टा व शिरस्त्राण यांच्या बाबतींत कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सक्ती असो वा नसो, तीं वापरावीं, एवढें आपण त्यांना अवश्य सांगावें.