पावसाळा सरल्यावर शाळेची बाग



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी मला बागेवर लेख लिहायला सांगितला. मी म्हणालो, "बाई, बागेवर काय लिहायचं? माती उकरायची, पाणी घालायचं, झालं." त्यावर बाई म्हणाल्या, "मग मागच्या दिवाळीत काय झालं होतं, ते लिही." म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मागच्या वर्षी सुट्टीच्या आठ दिवस आधी आम्ही मेथी आणि कोथिंबिरीचे वाफे केले. मेथी चौथ्या दिवशी वर आली. आम्ही सगळे खूश! पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंना आम्ही सांगूनही टाकले की सुट्टीनंतर खिचडीत आमची मेथी पडणार. मग सुट्टी लागली. किल्ला, फटाके, मामाचे गाव यांत बाग पार विसरलो. परत येऊन पाहतो तर मेथीच्या जागी पिवळ्या काड्या. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. टोमॅटोची रोपे शेळ्यांनी बुडख्यापर्यंत खाल्लेली. कुंपणाची एक काटी सरकलेली होती, ती कोणी नीट लावलीच नव्हती. (ती मीच लावायची होती.) काकू काही बोलल्या नाहीत, पण खिचडीचे पातेले उघडले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

असे का झाले, ते यंदा मला नीट कळले. पावसाळ्यात बाग आपली आपण वाढते, त्यामुळे आपल्याला वाटते की बाग करणे सोपे आहे. हस्ताचा पाऊस सरला, चित्रा लागल्या की आभाळ मोकळे होते आणि ऊन चटचट लागू लागते. यालाच ऑक्टोबर हीट म्हणतात. वर ओलावा उडत असतो, खाली जमीन अजून ओली असते, म्हणून आपण फसतो. आमच्या गावची जमीन काळी. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. भेग पडली की आतली ओलही त्या वाटेने निघून जाते. माझे आजोबा म्हणतात, "एक कोळपणी, अर्धं पाणी." मला ते नुसते बोलणे वाटायचे. पण खुरप्याने वरची दोन बोटे माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि खालची ओल खालीच राहते. यंदा आम्ही एक वाफा खुरपला आणि एक तसाच ठेवला. सहाव्या दिवशी दोन्हींत काडी खुपसली. खुरपलेल्या वाफ्यात ती सहज गेली, दुसऱ्यात मोडली.

आता तणाविषयी. पाऊस संपताना तण फुलायला आलेले असते. तेव्हा उपटले तर बरे, नाहीतर बी पडून पुढच्या वर्षी दुप्पट काम. आमच्या कुंपणाकडेला काँग्रेस गवत माजले होते. गाजरासारखी पाने असतात म्हणून त्याला गाजर गवतही म्हणतात. हे आपल्याकडचे नव्हे. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात, आणि १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसल्याची नोंद आहे. एका झाडाला हजारो बिया येतात. अंगाला लागले की काहींना खाज सुटते, दम्यासारखा त्रासही होतो. म्हणून ते उघड्या हाताने उपटू नका. आम्ही हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, तोंडाला रुमाल बांधला आणि पांढरी फुले यायच्या आत मुळासकट उपटले. त्याच्या पानांवर पांढुरके, पाठीवर काळपट रेषा असलेले लहान भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. हे गवत खाण्यासाठीच ते मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूरला सोडले होते.

लव्हाळा मात्र चिवट. वरून ओढला की पात हातात येते आणि जमिनीखालची गाठ हसत बसते. चार दिवसांत पुन्हा हजर! खुरप्याने खोल जाऊन गाठीच काढाव्या लागतात. आम्ही अर्धा घमेला भरून गाठी काढल्या, तरी संपल्या असे मी म्हणणार नाही.

हरळीची गंमत वेगळी. भाजीच्या वाफ्यात ती शत्रू, आणि झेंड्याच्या कट्ट्यापुढे तीच आमची हिरवळ. वाफ्यातून काढलेले तुकडे आम्ही कट्ट्यापुढे उघड्या पडलेल्या जागी दाबले आणि पाणी दिले. तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, त्यामुळे बी लागत नाही. एक चूक आमची झाली. दसऱ्याआधी छान दिसावी म्हणून मोठ्या मुलांनी विळ्याने ती अगदी जमिनीलगत कापली. उन्हात मुळे उघडी पडून मधोमध पिवळा ठिगळ पडला. गुरुजी म्हणाले की एका वेळी फक्त वरचा तिसरा हिस्सा कापायचा. आणि रोज वरवर शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी खोल भिजेल असे पाणी द्यायचे, म्हणजे मुळे खाली जातात. त्या ठिगळावर आम्ही चाळलेले शेणखत आणि माती पसरली आहे. कृपया तिथून चालू नका.

वाफ्यांचा आकारही बदलावा लागतो, हे मला माहीत नव्हते. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून आपण उंच गादीवाफे करतो. आता पाणी टिकायला हवे, म्हणून ते मोडून सपाट वाफे केले आणि चारी बाजूंनी वरंबे घातले. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून, दोन पाकळ्यांत चार-पाच बोटे अंतर ठेवून लावल्या. धणे पेरताना आख्खे पेरू नका, रगडून दोन फाका करा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. मेथी-कोथिंबीर मात्र यंदा सुट्टीनंतरच पेरायची असे आम्ही ठरवले. कोवळ्या पालेभाजीला पाण्याचा एक खाडासुद्धा सोसत नाही, ते मागच्या वर्षी पाहिलेच.

दोन गुलाबांची छाटणी गुरुजींनी स्वतः केली. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर, तिरपा काप. एवढे झाड कापलेले बघून आम्हाला रडूच आले. पण पाऊस गेल्यावर छाटले की दीड-पावणेदोन महिन्यांत नव्या फुटव्यांवर फुले येतात, असे ते म्हणाले. आम्ही भिंतीवर खडूने तारीख लिहून ठेवली आहे.

काही पुस्तकांत शरद ऋतू म्हटले की गळणाऱ्या लाल पानांचे चित्र असते. ते थंड देशांतले. आपली पानगळ शिशिरात होते. तरी कचरा आमच्याकडेही निघाला: उपटलेले गवत, दसऱ्याच्या झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे. मोठ्या मुलांना तो पेटवायचा होता. आम्ही हातभर खोल खड्डा करून त्यात कचरा, शेणकाला, माती असे थर दिले. बी धरलेले तण आणि लव्हाळ्याच्या गाठी त्यात टाकल्या नाहीत, त्या वेगळ्या कडक उन्हात वाळवल्या. महिन्याने एकदा खालवर केले की तीन-चार महिन्यांत खत होते. झेंडूची काही सुकी फुले मात्र बाजूला ठेवली आहेत. पाकळ्यांच्या बुडाशी काळी लांबट बी असते, ते पुढच्या पावसाळ्याला उपयोगी पडेल.

आता मुख्य गोष्ट, सुट्टीतल्या पाण्याची. टोमॅटो आणि वांग्याची दहा रोपे आहेत. बाईंच्या सांगण्यावरून प्रत्येक दोन रोपांमध्ये एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि थेट मुळांना मिळते. जुनी मडकी क्षारांनी चोंदलेली होती, ती पाझरेनात. त्यांच्या बुडाला खिळ्याने बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घातली, मग जमले. तोंडावर झाकणी हवीच, नाहीतर आत डास होतात. आमच्या मातीत एक भरलेले मडके चार दिवस पुरते, हे आम्ही दोनदा भरून मोजले. लसणाच्या ओळींमध्ये वाळलेले गवत पसरले आहे, त्यालाही चार दिवसांनी पाणी पुरेल.

म्हणजे संपूर्ण सुट्टीत बागेला फक्त पाच वेळा पाणी लागेल. एका वेळी साधारण पंधरा बादल्या, हापशावरून. दोघे असले तर तासाभराचे काम. फाटकाची किल्ली पोषण आहाराच्या काकूंच्या घरी ठेवली आहे. बाहेर पडताना कुंपणाची काटी नीट लावावी. ती कशी लावायची ते मी दाखवीन.

या लेखाखाली पाळ्यांचा कागद चिकटवला आहे. पहिली पाळी आमच्या घरची. तिसरी शाळेमागच्या आजींनी घेतली आहे, पण त्यांना बादली उचलवत नाही, त्यांच्याबरोबर कोणीतरी लागेल. दुसरी, चौथी आणि पाचवी रिकामी आहे. पेन्सिल दोरीला बांधलेली आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी